हवालदाराच्या नऊ शाली

पौषातली सकाळ होती. चारगव्हाणच्या बाजार चौकात अशी थंडी पडली होती की शांताबाईंच्या टपरीवरची माणसं चहा पिण्यापेक्षा गरम ग्लास हातात धरून बसण्यातच जास्त रमली होती. कुणाच्या डोक्याला कानटोपी, कुणाच्या खांद्यावर घोंगडी, आणि टपरीमागं शेकोटी. तेवढ्यात चौकाच्या मधोमध भोंगा वाजला.

"सावधान! तापमान शेहेचाळीस अंश सेल्सिअस! उष्माघाताचा धोका! नागरिकांनी सावलीत थांबावे, डोक्याला उपरणे बांधावे आणि ताक प्यावे!"

सगळा चौक एकदम हसायला लागला. शेकोटीपाशी बसलेल्या एका म्हाताऱ्यानं तर दोन्ही हात जोडले. "साहेब, ताक नका सांगू. दात वाजून राहिले माहे."

शाळेला निघालेली मृणाल भोयर मात्र हसली नाही. हा भोंगा वाजवणारा रोबो तिचा मित्र होता, आणि आठवड्यात त्याची ही तिसरी चूक होती.

ही गोष्ट आहे दोन हजार एकेचाळीस सालची. चारगव्हाण हे विदर्भातलं छोटं गाव. उन्हाळा इथं पाहुण्यासारखा येत नाही, घरमालकासारखा येतो. म्हणून नगरपरिषदेनं उष्णता कृती आराखडा (उन्हाळ्याच्या झळा सोसता याव्यात म्हणून गावानं आधीच ठरवून ठेवलेली कामं) करायचं ठरवलं. त्यासाठी गावात कुठं किती तापतं, कुठं धूर होतो, कुठली हवा कशी आहे, हे कुणीतरी रोज हिंडून मोजायला हवं होतं. मृणालची आई सुनंदा नगरपरिषदेत स्वच्छता निरीक्षक होती. तिनं सहा महिने सगळ्यांच्या मागं लागून हा रोबो आणवला. कागदोपत्री त्याचं नाव होतं 'फिरता वातावरण-मापक'. पण हवा मोजत गावभर गस्त घालतो, तर त्याला हवालदार नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? दुसऱ्याच दिवशी पोरं त्याला सलाम ठोकू लागली.

हवालदार माणसाएवढा उंच होता. खाली तीन चाकं, पोटावर आकडे दाखवणारा पडदा, आणि गळ्याभोवती संवेदकांची (आजूबाजूची उष्णता, ओलावा आणि वायू ओळखणाऱ्या अवयवांची) एक माळ. पाठीवर एक जाळी होती. आतल्या मोटरींची आणि बॅटरीची उष्णता तिच्यातून बाहेर जायची. स्वभावानं तो फार सभ्य होता. कुत्र्यालाही 'आपण जरा बाजूला होता का?' असं विचारायचा.

त्या सकाळी सुनंदानं कंपनीच्या अभियंत्याला फोन लावला. त्यानं पडद्यावरूनच हवालदाराला तपासलं. संवेदक ठीक, बॅटरी ठीक, पंखा ठीक.

"यंत्रात काही दोष नाही, मॅडम."

"अहो, मग हा थंडीत ताक प्या म्हणून का ओरडतोय?"

"गावातच काही दोष असेल," अभियंता म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

मग गावानंच उपचार हाती घेतले. कुणी त्याच्या चाकाला लिंबू-मिरची बांधली. कुणी त्याला दोनदा बंद करून चालू केलं. शांताबाईंनी त्याच्या छातीला हात लावून पाहिला आणि त्यांचा जीव कळवळला. "अगं बाई, आंग तर भट्टीवानी तापलं! याले ताप आला वाट्टे. थंडीत हिंडतो बिचारा." आणि त्यांनी आपली जाडजूड लोकरी शाल काढून त्याच्या खांद्यांवर टाकली.

"या सन्मानाबद्दल आभारी आहे," हवालदार म्हणाला. त्याच्या पोटावरचा आकडा संध्याकाळी बावन्न झाला.

गुरुवारी नगरपरिषदेच्या फलकावर सूचना लागली: सोमवारच्या सर्वसाधारण सभेत विषय क्रमांक सात, नादुरुस्त यंत्र परत पाठवणे. परत गेलेल्या यंत्राची स्मृती पुसून त्याला दुसऱ्या गावी धाडतात, असं आईनं जेवताना सांगितलं. सांगताना तिनं मृणालकडं पाहायचं टाळलं. मृणालनं ताट बाजूला सारलं. हवालदाराला ती गेले तीन महिने रोज भेटत होती. त्याला तिच्या गणिताच्या चुका पाठ होत्या. संक्रांतीला तिनं त्याला स्वतः विणलेला निळा-पिवळा मफलर दिला होता. तो विणताना एकवीस टाके सुटले होते आणि ते सगळे त्यानं मोजले होते, पण 'एकवीस खिडक्या आहेत' असं म्हणाला होता.

शनिवारी शाळा लवकर सुटली. मृणाल नगरपरिषदेच्या ओट्यावर त्याच्याशेजारी जाऊन बसली. आकडा अठ्ठावन्न.

"तुला नेमकं काय होतंय?"

"मृणालताई, मला सगळीकडे उन्हाळा दिसतो. आपल्याला तो दिसत नाही. आपल्यापैकी एकजण चुकत आहे." मग त्यानं विचारलं, "आपला वेळ चांगला जावा म्हणून मी शाळेसाठी तयार केलेले माझे व्याख्यान देऊ का?"

मृणालनं ते चार वेळा ऐकलं होतं. पण सोमवारनंतर ते ऐकायला मिळेल की नाही कुणास ठाऊक, म्हणून ती हो म्हणाली.

हवालदारानं घसा साफ केल्याचा आवाज काढला. "सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर येतो. जमीन, पाणी, दगड तापतात. तापलेली पृथ्वी ही उष्णता अवरक्त किरणांच्या (डोळ्यांना न दिसणाऱ्या, पण कातडीला जाणवणाऱ्या किरणांच्या) रूपाने परत आकाशाकडे धाडते. पण वाटेत कार्बन डायऑक्साइड, मिथेन, पाण्याची वाफ असे वायू असतात. ते प्रकाशाला आत येऊ देतात, मात्र परत निघालेल्या उष्णतेला सहजासहजी जाऊ देत नाहीत. यांना हरितगृह वायू म्हणतात. जणू पृथ्वीच्या अंगावर एक शाल..."

"शाल गरम असते म्हणून?"

"शाल गरम नसते."

"नसते कशी? थंडीत मग कशाला घेतात?"

हवालदारानं उत्तराऐवजी काम दिलं. तो म्हणाला, "आपण करून पाहा." मृणालला त्याची ही सवय आवडायची आणि तिचा रागही यायचा. ती बाजारातल्या मासळीवाल्या काकूंकडून बर्फाचे दोन सारखे तुकडे घेऊन आली. एक तिनं ओट्यावर उघडा ठेवला, दुसरा घरून आणलेल्या आईच्या शालीत गुंडाळला. शाल गरम असेल तर आतला बर्फ आधी वितळणार, हे उघड होतं. अर्ध्या तासानं उघड्या बर्फाचं पाणी पायरीवरून ओघळून गेलं होतं. शालीतला तुकडा मात्र जवळजवळ होता तेवढाच होता. आईची शाल तेवढी ओली झाली होती. त्याबद्दल घरी जे ऐकावं लागलं ते या गोष्टीत येत नाही.

मृणाल डोकं खाजवत बसली. मासळीवाल्या काकूसुद्धा बर्फ गोणपाटात गुंडाळूनच आणतात की! म्हणजे शाल गरमही नाही आणि गारही नाही. ती फक्त उष्णतेची वाट अडवते. बर्फावर घातली तर बाहेरची उष्णता आत जात नाही. माणसावर घातली तर...

"तर आतली बाहेर जात नाही!" ती ओरडली. "माणसाचं अंग आपलं आपणच गरम असतं. शाल ती ऊब धरून ठेवते."

"अगदी बरोबर. ज्याला स्वतःची उष्णता आहे, त्याच्यावर शालींवर शाली घातल्या तर ते तापतच जाते. पृथ्वीला ती उष्णता सूर्य देतो, पण तिचेही हेच होत आहे."

"हवालदार," मृणालनं सावकाश विचारलं, "तुझ्या अंगावर किती शाली आहेत?"

"नऊ. आणि एक मफलर."

"आणि तुझ्या आत मोटरी आहेत. बॅटरी आहे. गरम होणारी."

हवालदाराचे डोळे दोनदा लुकलुकले. पंखा घरघरला.

"ही माहिती माझ्याकडे 'पृथ्वी' या प्रकरणात आहे," तो शेवटी म्हणाला. "'मी' या प्रकरणात नाही."

मृणालनं कपाळावर हात मारला. आता सगळं लख्ख दिसत होतं. उद्घाटनाच्या दिवशी नगराध्यक्ष भाऊसाहेब गावंडे यांनी शाल आणि नारळ देऊन त्याचा सत्कार केला. मग सात प्रभागांच्या सात नगरसेवकांना वाटलं की आपण मागं का राहायचं? एकेक करून सात सत्कार, सात शाली. नववीची भर शांताबाईंच्या मायेनं पडली. संवेदकांची माळ शालींखाली, पाठीवरची जाळी शालींखाली. तो गावाची हवा मोजतच नव्हता, शालीतली स्वतःची ऊब मोजत होता. आणि हे तीन महिने कुणाच्याही लक्षात आलं नाही, कारण चारगव्हाणात मोठ्या माणसाच्या खांद्यावर शाल दिसली तर तिच्याकडं कुणी बघतच नाही.

"मग काढ की त्या!"

"शक्य नाही. उद्घाटनाच्या दिवशी भाऊसाहेब म्हणाले, 'हा गावाचा मान आहे, खांद्यावरून उतरू देऊ नका.' मी त्याची सूचना म्हणून नोंद घेतली आहे. दिलेला मान ज्याने दिला त्यानेच परत घ्यायचा असतो."

"पहिली शाल घातली तेव्हाच का नाही बोललास?"

"पहिली चांगली होती. पहाटेच्या थंडीत बॅटरी आखडते. एक शाल लागतेच. पृथ्वीचेही तसेच आहे. हे वायू मुळीच नसते तर सगळी पृथ्वी गोठून गेली असती. शाल वाईट नाही, मृणालताई. नऊ शाली वाईट."

मृणालचा हात मफलरकडं गेला. तो तर तिनंच दिला होता, म्हणजे तिला काढता आला असता. पण तो इतका छान दिसत होता त्याच्या गळ्यात. आणि एवढ्याशा मफलरनं असं काय होणार होतं? तिनं हात मागं घेतला.

आईला तिनं सगळं सांगितलं. आईनं रविवारी एकेका नगरसेवकाला फोन केला. सगळ्यांनी अगदी आपुलकीनं ऐकून घेतलं आणि सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, "सभेत बघू."

सोमवारी दुपारी सभागृह गच्च भरलं होतं. नागरिकांच्या बाकांवर मृणाल पहिल्या रांगेत बसली होती. हवालदार मधोमध उभा होता आणि त्याच्या पोटावर आकडा होता पासष्ट.

"विषय क्रमांक सात," भाऊसाहेबांनी वाचलं. मग सुनंदा उभी राहिली. यंत्र ठीक आहे, शाली काढल्या की झालं, असं तिनं थोडक्यात सांगितलं. सभागृहात कुजबुज झाली. भाऊसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "हरकत नाही. काढून टाका. कोण सुरुवात करतं?"

कुणीच हललं नाही.

"प्रभाग दोनची काढा पहिले," पाच नंबरच्या पुष्पाताई ठवकर म्हणाल्या. "तीच जाड दिसते."

दोन नंबरचे दादाराव उमक ताडकन उठले. "आमची काहून? आमच्या शालीनं काय घोडं मारलं? आमची तर शेवटून दुसरी! ज्यांनी पहिले घातल्या त्यांनी पहिले काढाव्या."

"आमची तर पातळ आहे, सुती आहे!"

"आमचा प्रभाग लहान. एका शालीनं असा काय फरक पडून राहिला?"

"आधी बाकीच्यांच्या निघू द्या, मग आमची काढतो. लोक काय म्हणतील, एकट्या प्रभाग सहानंच अपमान केला?"

सगळे एकदम बोलत होते. सभागृह माणसांनी आधीच कोंदलं होतं, त्यात ही गरमागरमी. सदुसष्ट. मृणालची नजर त्या आकड्यावर खिळली होती.

"माननीय सभागृहाच्या माहितीसाठी," हवालदार नम्रपणे म्हणाला, "सत्तर अंशांवर मी आपोआप बंद पडतो. स्मृती शिल्लक राहण्याची खात्री नाही. चर्चेत व्यत्यय आणल्याबद्दल क्षमस्व."

"ऐकलं का? आधी तुमची काढा!" दादाराव पुष्पाताईंना म्हणाले.

अडुसष्ट.

'एका शालीनं काय फरक पडतो.' मृणालला हे वाक्य कुठंतरी ऐकल्यासारखं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं. शनिवारी ओट्यावर हे वाक्य तिच्याच मनात आलं होतं. तिचे कान गरम झाले. इतका वेळ ती या मोठ्या माणसांवर चिडत होती, आणि मफलर अजून त्याच्या गळ्यातच होता.

ती उठली. "बाळ, तिथं बसून राहा," कुणीतरी म्हणालं. ती थेट हवालदारापाशी गेली, टाचा उंचावल्या आणि मफलर सोडवून घेतला.

"हा मी घातला होता," ती म्हणाली. "मीच काढते."

सगळ्यांनी पडद्याकडं पाहिलं. आकडा होता तोच राहिला.

"बघा," दादाराव म्हणाले, "काहीच नाही झालं."

तेवढ्यात दारातून शांताबाई चहाची किटली घेऊन आत आल्या. काय चाललंय ते त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि किटली भाऊसाहेबांच्या टेबलावरच ठेवली. "म्हणजे माह्याच शालीनं याचा ताप वाढला? बाप्पा रे! आणि मी आपली रोज येऊन सारखी करत होती." त्यांनी शाल ओढली, घडी केली आणि कमरेला खोचली. मग नगरसेवकांकडं वळून म्हणाल्या, "तुम्हाला काय आमंत्रण धाडू?"

भाऊसाहेब खाकरले, उठले. पुष्पाताई उठल्या. दादाराव इकडंतिकडं बघत उठले. मग मात्र अशी झुंबड उडाली की आपली शाल आधी निघावी म्हणून दोघांत ओढाताण झाली आणि प्रभाग चारची शाल मधोमध फाटली.

शाली सगळ्या निघाल्या. हवालदार पहिल्यांदाच सडपातळ दिसत होता. आकडा मात्र एकोणसत्तर झाला.

"आता काहून वाढला?" दादाराव रडकुंडीला आले. "काढल्या ना सगळ्या!"

"आत साठलेली उष्णता लगेच जात नाही," मृणालच भराभर म्हणाली. "थांबा. जरा थांबा."

पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. एकोणसत्तर. एकोणसत्तर. एकोणसत्तर. मृणाल मफलर घट्ट धरून उभी होती. तिला वाटलं आपण उशीर केला, शनिवारीच काढायला हवा होता.

"वाढायचे थांबले," हवालदार म्हणाला.

मग अडुसष्ट. मग सदुसष्ट. सभागृहात टाळ्या पडल्या आणि सुनंदानं डोळ्याला पदर लावला. अर्ध्या तासात पडद्यावर सभागृहाचं खरं तापमान आलं: सत्तावीस. पण हवालदार तेवढ्यावर थांबला नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्या संवेदकांना मोकळी हवा लागली होती.

"नोंद घ्यावी. खिडकीतून मिथेन येत आहे. दिशा, कचरा डेपो."

"डेपो प्रभाग दोनमध्ये," पुष्पाताई पटकन म्हणाल्या.

"पण कचरा साऱ्या गावाचा!" दादाराव ओरडले, आणि मग स्वतःच गप्प झाले. शालींचं भांडण त्यांना आठवलं असावं.

हवालदारानं समजावून सांगितलं. ओला कचरा ढिगात दाबला गेला की आत हवा पोचत नाही आणि तो कुजताना मिथेन सुटतो. मिथेनची शाल फार जाड, पण ती दहा-बारा वर्षांत विरते. डिझेल आणि कोळसा जाळून सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची शाल तिच्यापेक्षा पातळ, पण शेकडो वर्षं फाटत नाही. चारगव्हाणची काही वेगळी हवा नसते. शाल साऱ्या पृथ्वीची एकच, आणि प्रत्येक गाव तिच्यात आपले धागे विणत असतं.

"मग आपले धागे आपण काढू," भाऊसाहेब म्हणाले. "जगानं सुरुवात करायची वाट बघत बसलो तर आकडा सत्तरवर जाईल."

विषय क्रमांक सात रद्द झाला. त्याच सभेत ठराव झाला: ओला कचरा घरोघरी वेगळा करायचा, डेपोवर बायोगॅसचा (कुजणाऱ्या कचऱ्यातला वायू पकडून त्यावर चूल पेटवण्याचा) संच बसवायचा, आणि उन्हाळ्याआधी शाळेचं, दवाखान्याचं छत पांढरं रंगवायचं. सूचक दादाराव उमक, अनुमोदक पुष्पाताई ठवकर. त्या दोघांची नावं एकाच ठरावाखाली आलेली गावानं प्रथमच पाहिली.

"वा! या आनंदाप्रीत्यर्थ हवालदार साहेबांचा..." भाऊसाहेबांनी सवयीनं मागं हात केला आणि शिपायानंही सवयीनं त्यांच्या हातात नवी कोरी शाल ठेवली. सगळं सभागृह ओरडलं, "भाऊसाहेब!"

भाऊसाहेबांनी शालीकडं असं पाहिलं की जणू ती त्यांच्या हातात कुठून आली हेच त्यांना कळत नव्हतं.

"एक विनंती आहे," हवालदार म्हणाला. "पहाटेच्या गस्तीसाठी मला एक लागते. एक ठेवून घेण्याची परवानगी असावी."

आठही जणांनी आपापली शाल पुढं केली. हवालदारानं सगळ्यांना मान लववून नमस्कार केला आणि तो मृणालकडं वळला.

"एकवीस खिडक्यांची ती. तिच्यातून उष्णतेला जायला वाट आहे."

मृणालनं मफलर त्याच्या गळ्यात घातला. या वेळी सैलसर, संवेदकांची माळ मोकळी ठेवून. बाकीच्या शाली पहाटे पाच वाजता रस्ते झाडणाऱ्या सफाई कामगारांना दिल्या. फाटलेलीसुद्धा शिवून दिली.

एप्रिल उजाडला. शांताबाईंची टपरी आता डेपोपाशी आहे, आणि तिथला चहा साऱ्या गावाच्या भाजीच्या देठांवर उकळतो. डेपोवरचा मिथेनचा आकडा फार उतरलेला नाही, पण वाढायचा थांबलाय. मफलर मृणालच्या कपाटात आहे. हवालदारानंच तो मार्चमध्ये दिवाळीपर्यंत सांभाळायला दिला.

काल दुपारी चौकात भोंगा वाजला. "सावधान! तापमान शेहेचाळीस अंश सेल्सिअस! नागरिकांनी सावलीत थांबावे आणि ताक प्यावे!"

यावेळी कुणी हसलं नाही. सगळा चौक मुकाट्यानं उठला आणि ताक प्यायला गेला.